ट्रेकसाठी स्वस्तातली वॉकीटॉकी कशी निवडावी

वॉकीटॉकी घ्यायला गेलेला माणूस पहिल्यांदा रेंज विचारतो. आधी फ्रिक्वेन्सी विचारा. ती चुकली तर सेट कितीही दणकट असो, तो खिशात ठेवणंही अडचणीचं ठरू शकतं.

भारतात हातातल्या वॉकीटॉकीसाठी विनापरवाना मोकळा ठेवलेला पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा आहे. २०१८ च्या नियमांनी तो मोकळा केला. यात १२.५ किलोहर्ट्झच्या अंतराने १६ चॅनल बसतात. पहिला ४४६.००६२५ वर, सोळावा ४४६.१९३७५ वर. या वर्गातले सेट साधारण अर्ध्या वॅटचे असतात आणि त्यांचा अँटेना काढता येत नाही. फक्त फ्रिक्वेन्सी बरोबर असून भागत नाही. त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए, म्हणजे उपकरण प्रकाराची मंजुरी, असावी लागते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती नेमकी याच कारणासाठी: फ्रिक्वेन्सीचा आणि मंजुरीचा पत्ता नसलेले सेट राजरोस विकले जात होते. तेव्हा विक्रेत्याकडे ईटीए प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक सेटच्या मागच्या लेबलाशी अक्षर न् अक्षर जुळवा. ‘सर, सगळे हाच घेतात’ हे उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. प्रमाणपत्राची झेरॉक्स सॅकमध्ये ठेवा. लडाख-सिक्कीमकडे जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक, परदेशातून आलेली जोडी. अमेरिकेतले एफआरएस सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात, ऑस्ट्रेलियातले ४७६-४७७ वर. तिथे ते मोकळे आहेत, इथे ते पट्टे दुसऱ्यांना दिलेले आहेत. न्यू जर्सीच्या आत्याने प्रेमाने आणलेली जोडी तिला तिकडेच वापरू द्या. युरोप आणि ब्रिटनमधल्या पीएमआर, म्हणजे तिथल्या विनापरवाना वर्गातल्या, सेटची फ्रिक्वेन्सी आपल्यासारखीच आहे, पण ईटीएचा प्रश्न तिथेही उरतोच. दोन, बाओफेंग यूव्ही-५आर सारखे ‘सगळं पकडणारे’ सेट. हा १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही बोलू शकतो, शक्ती चार-पाच वॅट, अँटेना सुटा. ४४६ चे आकडे भरले म्हणून तो मोकळ्या वर्गात येत नाही. त्याच कंपनीचा स्वस्त आणि दिसायला साधा बीएफ-८८८एस सुद्धा कारखान्यातून बहुधा ४६२ च्या आसपासच्या चॅनलवर भरून येतो, म्हणजे खोक्यातून काढून बटण दाबलं की नियम मोडला. असे सेट हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेल्यांसाठी, त्याबद्दल शेवटी.

आता रेंज. खोक्यावर छापलेले किलोमीटर हे एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्याकडे, मध्ये काहीही नसतानाचे असतात. ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट मैदानात दोघं उभे असतील आणि सेट तोंडाशी, म्हणजे दीड मीटरवर असतील, तर हिशेबाने क्षितिज १० किलोमीटरच्या आसपास येतं. झाडं, घरं, उंचवटे धरले की हाती एक-दोन किलोमीटर उरतात, आणि दाट रानात त्याहूनही कमी. उलट दोन माथे एकमेकांना दिसत असतील तर हाच अर्ध्या वॅटचा सेट वीस-पंचवीस किलोमीटर आरामात बोलतो. सह्याद्रीत मात्र बेसॉल्टचा कडा मध्ये आला की खेळ संपला. तोलार खिंडीतून वर येणारा गट आणि पाचनईच्या वाटेवरचा गट हरिश्चंद्रगडाच्या दोन अंगांना असताना एकमेकांना ऐकतील, ही आशा सोडा. सांदण दरीसारख्या घळीत दोन वळणांतच आवाज तुटायला लागतो.

‘मग पाच वॅटचा घेऊ’ हा पुढचा विचार असतो. अर्ध्यावरून पाच वॅट म्हणजे दहापट शक्ती, १० डेसिबल. मोकळ्या जागेत अंतर त्याने साधारण तिप्पट होतं, दहापट नाही. आणि कमरेला लटकवलेला सेट, मध्ये माणसाचं अंग, एवढ्याने तितकाच सिग्नल सहज खाल्ला जातो. म्हणजे सेट कमरेवरून खांद्याच्या पट्ट्यावर नेला की तुम्ही फुकटात बरंच काही मिळवलंत. बोलताना अँटेना उभा धरा. एकाचा उभा आणि दुसऱ्याचा आडवा असेल तर सिग्नल फार पडतो. दगडांवरून परतणाऱ्या लहरींमुळे थोडं सावरतं, पण त्या भरवशावर राहू नये. आवाज तुटत असेल तर ओरडू नका, दोन पावलं बाजूला सरका. या लहरीची लांबी ६७ सेंटीमीटर आहे, त्यामुळे हातभर सरकल्यानेही फरक पडतो.

डोंगर मध्ये असेल तर उपाय एकच: धारेवर किंवा खिंडीत एक सेट घेऊन माणूस बसवणं, जो दोन्ही बाजूंचं ऐकून निरोप पुढे देईल. म्हणून एक भारी सेट घेण्यापेक्षा चार साधे घेतलेले बरे. पंचवीस जणांच्या गटाला पुढचा लीडर, मधला आणि शेवटचा असे तीन लागतातच. चौथा या निरोप्यासाठी किंवा बिघाड झाला तर बदली म्हणून. सगळे एकाच मॉडेलचे घ्या. चार्जर, बॅटऱ्या आणि मेनू एकसारखे असले की पहाटे चार वाजता कुणाला काही समजवावं लागत नाही.

बॅटरीच्या बाबतीत जाहिरातीतल्या तासांच्या मागे एक गृहीतक दडलेलं असतं: पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के गप्प. हौशी गटात पहिला तासभर गप्प कुणीच नसतं, तेव्हा लिहिलेल्या तासांच्या दोन-तृतीयांश धरून चाला. बॅटरी काढून बदलता येणारा सेट शक्यतो निवडा. एए सेलवर चालणारे सेट जुनाट वाटतात, पण दोन-तीन दिवसांच्या ट्रेकला सोयीचे असतात. गावातल्या किराणा दुकानातही सेल मिळतात. रिचार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे, त्यामुळे काही सेट रिचार्जवाल्यांवर ‘बॅटरी कमी’ असं लवकर दाखवतात. तो बिघाड नाही. टाइप-सी असलेल्या स्वस्त सेटमध्ये वेगळीच गंमत असते: दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाहीत, कारण आतला छोटा रेझिस्टर बनवणाऱ्याने वाचवलेला असतो. जुन्या चौकोनी यूएसबीपासून टाइप-सीची केबल जवळ ठेवा. शिवाय काही पॉवरबँक इतका कमी करंट ओढला जातोय म्हटल्यावर स्वतःच बंद पडतात. हे घरीच तपासून बघायचं.

आयपी हा पाणी-धूळ रोखण्याच्या क्षमतेचा आकडा. पावसाळी ट्रेकला आयपी५४ म्हणजे शिंतोडे आणि भुरभुर एवढंच समजा. आयपी६७ चा सेट एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण इअरफोनच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलेलं असेल तरच. बहुतेक सेट पाण्याने मरतात ते याच झाकणातून. बजेटमध्ये आयपी६७ बसत नसेल तर पातळ, पारदर्शक, झिपची प्लॅस्टिक पिशवी वापरा. लहरी प्लॅस्टिकमधून जातात आणि बटणही दाबता येतं, फक्त आवाज थोडा दबतो. जीपमध्ये किंवा एसटीत बसल्यावर मात्र पत्र्यामुळे रेंज घटते, तेव्हा सेट खिडकीजवळ धरा.

खोक्यावर ‘१२१ प्रायव्हसी कोड’ असं लिहिलेलं दिसलं की खाजगी बोलण्याची सोय आहे, असं वाटतं. तसं काही नसतं. हे कोड म्हणजे आवाजासोबत जाणारे बारीक स्वर किंवा आकडी खुणा. ते जुळले नाहीत तर तुमचा सेट स्पीकर बंद ठेवतो, बस. तुमचं बोलणं त्या चॅनलवरच्या कुणालाही ऐकू येतंच. उलट कोड लावल्यामुळे दुसरा गट बोलतोय हे तुम्हाला कळत नाही आणि दोघांचं एकमेकांवर चढतं. शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याला गर्दी असते तेव्हा कोड लावा, पण बोलण्याआधी हिरवा दिवा लागलेला नाही ना ते बघा, किंवा मॉनिटर बटण दाबून ऐका. दुर्गम वाटेवर कोड बंदच ठेवा. संकटात कुणीही ऐकलेलं चांगलं.

‘मला त्याचं ऐकू येतं, त्याला माझं नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा कोडच असतो. एका सेटवर लागलेला, दुसऱ्यावर नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेटमध्ये कोड क्रमांक जुळवण्यापेक्षा माहितीपत्रकातले हर्ट्झचे आकडे जुळवा. जुन्या सेटमध्ये आठच चॅनल असतात, म्हणून मिश्र गटाने एक ते आठमध्येच राहावं. आवाज फाटका किंवा फार बारीक येत असेल तर एक सेट रुंद आणि दुसरा अरुंद बँडविड्थवर आहे का ते बघा, दोन्हीकडे १२.५ किलोहर्ट्झ हवं. पहिला शब्द नेहमी कापला जातो, कारण बटण दाबताच लोक बोलायला लागतात आणि समोरचा सेट बॅटरी वाचवायला डुलकी घेत असतो. बटण दाबा, ‘एक’ म्हणण्याइतकं थांबा, मग सेट तोंडापासून चार बोटांवर धरून बोला. संपलं की ‘ओव्हर’ म्हणा. आवाजाने आपोआप सुरू होणारी सोय बंद ठेवा. कोकणकड्यावरच्या वाऱ्याने ती चालू झाली की सगळ्यांना फक्त वाराच ऐकू येतो. प्रत्येक वाक्यानंतरची ‘टूंक’ही नको. एका बोलण्याला साठ सेकंदांची मर्यादा मात्र घाला, म्हणजे सॅकच्या पट्ट्याखाली बटण दाबलं गेलं तरी चॅनल अडकून पडत नाही. खडकाळ टप्प्यावर चढणाऱ्याच्या सेटला किपॅड लॉक करा.

सेट हातात आल्यावर परत करण्याच्या मुदतीतच चाचणी घ्या. सगळे पूर्ण चार्ज करा, सगळ्यांवर चॅनल एक, कोड बंद. एक जण सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीत थांबेल आणि दुसरा चढत जाईल. दर दहा मिनिटांनी आकडा विचारा: पाच म्हणजे स्वच्छ, तीन म्हणजे दुसऱ्यांदा विचारावं लागलं, एक म्हणजे फक्त खरखर. मग सेट अदलाबदल करून उतरा. एकच सेट दोन्ही वेळी कच्चा ठरला तर तो परत. घरी सगळे सेट चालू ठेवून तासाला एक मिनिट बोला आणि बॅटरी किती तास टिकते ते लिहून ठेवा. दोन सेट शेजारी ठेवून बोललात तर शिट्टी वाजेल, तो दोष नव्हे.

वॉकीटॉकी म्हणजे बचावाचा फोन नव्हे. तिच्यावरून ११२ लागत नाही, पलीकडे कुणी ऐकत असेल तरच उपयोग. म्हणून काही जण उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मागवायचा विचार करतात. परवान्याशिवाय ते भारतात बाळगणं हाही गुन्हा आहे.

हौस ट्रेकपुरती न राहता रेडिओचीच लागली तर हॅम परवाना काढा. वय किमान १२ हवं, डब्ल्यूपीसीची परीक्षा असते, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. या ग्रेडची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळख-खूण, व्हीयू३ ने सुरू होते, जनरल ग्रेडची व्हीयू२ ने. हातातल्या सेटसाठी १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे मिळतात. पण हॅम सेट पैसे घेऊन नेलेल्या ट्रेकच्या कामासाठी वापरता येत नाही, आणि परवाना नसलेल्या सहकाऱ्याच्या हातात बोलायला द्यायचाही नसतो. गटासाठी ४४६ चे सेट वेगळेच ठेवावे लागतात.

इथे यूव्ही-५आर हा सुरुवातीचा सेट म्हणून ठीक. त्याची खरी दुबळी बाजू रिसीव्हर आहे: सिंहगडासारख्या टीव्ही टॉवर असलेल्या माथ्यावर जोरकस सिग्नलने तो बधिर होतो, आणि लोक अँटेनाला दोष देतात. अँटेना बदलायचाच असेल तर सेटवर खिळा असतो, त्यामुळे भोकवाल्या एसएमए जोडाचा (अँटेना सेटवर बसवण्याचा स्क्रूचा जोड) घ्यावा लागतो; उलटा घेतलेला बसतच नाही. चॅनल भरायला चर्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे. कॉम्प्युटरला सेट सापडत नसेल तर दोनच शक्यता आधी तपासा: केबलमधल्या नकली चिपला नवा ड्रायव्हर नाकारतोय, किंवा दोन पिनांचा प्लग सेटमध्ये अर्धवट गेलाय. दुसरीच जास्त वेळा असते. प्लग खट् आवाज येईपर्यंत दाबा, आणि काही बदलण्याआधी सेटमधली मूळ माहिती उतरवून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.