हातपाय गार पडत असतील तर आधी काय तपासावे?

मुंबईत जानेवारीतसुद्धा थंडी बेताचीच असते. तेव्हा मे महिन्याच्या उकाड्यात घरातले कोणी पायमोजे घालून झोपू लागले, तर ‘अंगात रक्त कमी असेल’ एवढ्यावर तो विषय सोडून देऊ नये.

पाय खरोखर गार आहे की नुसता गार वाटतो, हे सर्वप्रथम ठरवावे. एसीतून आल्या आल्या पाहू नये. वीस मिनिटे साध्या खोलीत बसावे आणि मग घरातल्या दुसऱ्या कोणीतरी हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत चाचपून पाहावेत. लालबागला राहणाऱ्या माझ्या मावशीला तिचे पाय बर्फासारखे वाटत, पण माझ्या हाताला ते चांगले कोमट लागत. जुन्या मधुमेहामुळे तिच्या मज्जातंतूंना इजा झाली होती. एका रात्री तिने गरम पाण्याची पिशवी पायाशी घेतली आणि सकाळी टाचेवर रुपयाएवढा फोड दिसला. चटका बसल्याचे तिला कळलेच नव्हते. म्हणून बधिरपणा असेल तर कोणताही शेक घेऊ नये, हे मी कळकळीने सांगते. अशा वेळी रक्तातील साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. शाकाहारी माणसांत आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ची कमतरता पुष्कळदा आढळते.

पाय हाताला खरोखरच गार लागला, तर दोन्ही बाजूंची तुलना करावी. चारही हातपाय सारखेच गार असतील तर हिमोग्लोबिन (स्त्रियांत दर डेसिलिटरला १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय) आणि थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्तचाचणी पाहावी. अॅटेनोलॉलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही हातपाय गार पडतात, परंतु अशी गोळी मनाने बंद करू नये. गारव्यात बोटे आधी पांढरी, मग निळी आणि शेवटी लाल होत असतील, तर तो १८६२ साली मोरिस रेनो यांनी वर्णन केलेला विकार असू शकतो.

एकच पाय गार असेल, स्टेशनचा पूल चढताना पोटरी भरून येत असेल आणि थांबल्यावर काही मिनिटांत बरे वाटत असेल, तर पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शक्यता असते. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, नाडी लागते का ते पाहावे. डॉक्टर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात; ते ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास रक्तपुरवठा कमी आहे असे समजतात. बिडी, सिगारेट आणि तंबाखू त्याच दिवशी सोडावी. तिथे हप्त्याहप्त्याने कमी करण्याची सवलत स्वतःला देऊ नये.

हात किंवा पाय अचानक गार, पांढराफटक आणि दुखरा झाला, बोटे हलेनाशी झाली, तर मालिश किंवा शेक यांत वेळ घालवू नये. रक्ताच्या गुठळीने वाट अडलेला अवयव वाचवायला साधारण सहा तासच हाती असतात. १०८वर फोन करून केईएम, सायन किंवा नायरसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात थेट जावे आणि दुखणे नेमके किती वाजता सुरू झाले, ते दारातच सांगावे.