‘रेग्युलेटर गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

एअर रायफलचे शॉट वर-खाली जायला लागले की शूटिंग रेंजवर निदान ठरलेलं: “सर, रेग्युलेटर गेला.” बहुतेक वेळा तो बिचारा शाबूत असतो.

रायफलच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबापर्यंत हवा भरतो. रेग्युलेटर ती ठरावीक दाबावर आणून पुढे सोडतो, म्हणून पहिला आणि पन्नासावा पेलेट (छर्रा) सारख्याच वेगाने सुटतो. सिलिंडरच त्या दाबाखाली उतरला तर वेग पडणारच. हवा भरा, विषय संपला.

एका कॉलेजच्या पोराचं हेच झालं होतं. मॅचच्या शेवटी पेलेट खाली जायचे. सिलिंडरचा काटा बघायचं सोडून पठ्ठ्याने व्हिडिओ बघितला आणि हॉस्टेलच्या पलंगावर रेग्युलेटर खोलला. आतले स्प्रिंग वॉशर बशीसारखे असतात. त्याच्या रायफलीत ते तोंडाला तोंड लावून होते. ते चादरीवर सांडले आणि याने सगळे एकाच दिशेने एकात एक बसवले. थराची उंची घटली, हवेची वाट मिटवणारा पिस्टन लवकर बंद व्हायला लागला. एरवी सेकंदाला १७०-१७५ मीटरने जाणारा पेलेट दीडशेच्याही खाली आला. वर “घट्ट वाटत होतं” म्हणून शिलाई मशीनचं तेल! जास्त दाबाच्या हवेत असलं तेल पेट घेऊ शकतं. स्प्रिंगच्या खणातलं हवेचं बारीक भोकही त्याच तेलाने आणि चादरीच्या धाग्यांनी बुजलेलं. मी ते सगळं पुसून, वॉशर पुन्हा तोंडाला तोंड लावून, ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीसचं नुसतं बोट फिरवलं. राज्य स्पर्धा तोंडावर असताना हे उद्योग.

खरा आजार वेगळा दिसतो. रायफल पडून राहिली की पहिला शॉट भलत्याच वेगाचा, पुढचे सगळे सारखे. म्हणजे रेग्युलेटर पूर्ण मिटत नाही, हवा झिरपून पुढचा दाब चढतो. सीटवर, म्हणजे पिस्टन जिथे टेकून बंद होतो तिथे, कचरा किंवा चरा असतो, नाहीतर ओ-रिंग थकलेली. मी क्रोनोग्राफवर (पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सलग दहा शॉट मारून वेग वहीत लिहितो, चहा घेऊन येतो आणि मग अकरावा मारतो. हे आकडे आणायचा कंटाळा असेल त्याची रायफल मी हातात घेत नाही.

स्क्रू फिरवून वेग वाढवू नका, गुण वाढत नाहीत. हवा घाईने भरली की सिलिंडर तापतो, निवल्यावर काटा उतरतो आणि पोरं “लीक, लीक” करत येतात. पावसाळ्यात हँडपंप वापरणार असाल तर ओलावा टिपणारा फिल्टर हवाच. सिलिंडरवरची मुदत वाचा.

आणि सिलिंडर काढला म्हणजे रायफल रिकामी झाली असं नाही. आत कोंडलेली हवा पेलेट न घालता, नळी सुरक्षित दिशेला धरून, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत फायर करून काढा. त्याआधी एकाही स्क्रूला हात लावायचा नाही.