निजामाच्या जुन्या सरहद्दीनं सायकल: सोलापूर ते पैठण

15 ऑगस्ट 1947 ला सोलापूर स्वतंत्र झालं आणि तिथून 45 किलोमीटरवरचं तुळजापूर नाही झालं, ते निजामाच्या राज्यातच राहिलं, पुढं 17 सप्टेंबर 1948 पर्यंत म्हणजे तेरा महिने. ह्या तेरा महिन्यात दोघांच्या मधे जी सरहद्द होती तिच्या कडेकडेनं पाच दिवसात सायकल काढता येते, मी दोनदा काढलीय, आणि आपल्या मराठवाड्यातल्या प्रत्येक सायकलवाल्यानं एकदा तरी काढावी असं मनापासून वाटतं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला प्रश्न, सरहद्द शोधायची कशी. बर्लिनला भिंतीच्या जागेवरून 160 किलोमीटरचा सायकल रस्ता आहे, जागोजागी पाट्या आहेत, तसलं काही इथं समजू नका. सोपी पद्धत म्हणजे मोबाईलच्या मॅपवर आजच्या जिल्ह्यांच्या हद्दी बघा. धाराशिव आणि सोलापूरच्या मधली, मग बीड आणि नगरच्या (आताचं अहिल्यानगर) मधली, आणि शेवटी गोदावरी. तंतोतंत नाही, काही गावं नंतर इकडची तिकडं झाली, पण बरीचशी तीच रेघ आहे. आणि दुसरी पद्धत जास्त चांगली, पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला "मोगलाई कुठून लागायची?" असं विचारा. सोलापूर-नगरकडची जुनी माणसं निजामाच्या मुलखाला मोगलाईच म्हणायची. निजामाची सरहद्द म्हणलं तर समोरचा शाळेतल्या पुस्तकासारखं उत्तर देतो, मोगलाई म्हणलं की बोलायला लागतो.

दिवस पहिला सोलापूर-नळदुर्ग-तुळजापूर, साधारण 80 किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघा कारण हैदराबाद हायवे आहे, ट्रक उजाडल्यावर वाढतात. बोरामणी सोडलं की इटकळच्या आधी हद्द ओलांडता. 13 सप्टेंबर 1948 ला जनरल चौधरींच्या हाताखालची भारतीय फौज ह्याच रस्त्यानं सोलापुराहून आत शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल हातात घेतला. नळदुर्गला निदान दोन तास ठेवा, किल्ल्यात नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे, पाऊस झाला असंल तर नर-मादी धबधबे चालू असतात.

दुसऱ्या दिवशी धाराशिव, येडशीवरून बार्शी. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर, आधी इंग्रजांकडं आणि मग स्वतंत्र भारतात, म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते तिथं राहून काम करायचे, रात्री सरहद्द ओलांडून करोडगिरी नाक्यांवर हल्ले करायचे. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. नोटा-नाणी पण वेगळी होती बरं का, निजामाकडं हाली सिक्का, इंग्रजांकडं कलदार, आणि सहा कलदारला सात हाली असा साधारण भाव. म्हणजे बाजाराला जाऊन यायचं तरी पैसे बदलायचे.

तिसरा दिवस मला सगळ्यात आवडतो. बार्शी, परांडा, भूम, खर्डा, जामखेड. लांबडा आहे, 100 च्या पुढं जातो, दम नसंल तर भूमला मुक्काम करा. परांड्याचा भुईकोट किल्ला चुकवू नका. भूमकडं खव्याच्या भट्ट्या लागतात, ताजा कोमट खवा मागून खा, एनर्जी बारची गरज पडत नाही. पुढं डोंगरावर पवनचक्क्या दिसायला लागल्या की चढ आले समजायचं. खर्ड्याला 11 मार्च 1795 ला मराठ्यांनी निजामाला हरवलं आणि तो खर्ड्याच्याच किल्ल्यात अडकला होता, म्हणजे ही सरहद्द 1947 ची नाही, दीडशे वर्षं आधीपासून लोक इथं तिच्यावरून भांडत आलेत.

परांड्याच्या अलीकडं एका गावात चहाला थांबलो होतो, तिथल्या आजोबांनी काठीनं शेताच्या बांधावरचं लिंबाचं झाड दाखवलं आणि म्हणले, "त्या लिंबाच्या पल्याड आमची सोयरीक, अल्याड आमी, वऱ्हाड नेताना आहेराची लुगडी सुदीक उलगडून बगायचे." त्यांनी हे त्यांच्या आईकडून ऐकलेलं. मी उठून त्या झाडापर्यंत चालत गेलो, दोन्हीकडं ज्वारी सारखीच होती.

चौथ्या दिवशी जामखेड, आष्टी, कडा आणि मग मायंबा ते मढी. मायंबाचे मच्छिंद्रनाथ बीड जिल्ह्यात आणि मढीचे कानिफनाथ नगर जिल्ह्यात, मधे गर्भगिरीचा डोंगर. चढ खडा आहे, उतरून ढकलायची वेळ आली तर ढकला. सकाळी वेळ असंल तर जामखेडवरून सौताड्याचा धबधबा करून या. पाचव्या दिवशी शेवगाववरून पैठण.

आता सायकलचं. बारीक टायरची रोड सायकल आणू नका, 35 ते 40 एमएमचे टायर पाहिजेत. इथला खरा शत्रू बाभळीचा काटा आहे, रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ छाटलेली असंल तिथं डांबराच्या मधोमध चालवा. दोन ट्यूब, पॅच, पंप, आणि काटा ओढायला छोटा चिमटा, हा चिमटा कुणी सांगत नाही पण टायरमधे मोडलेलं टोक राहिलं की नवी ट्यूब पण दहा मिनिटात बसते. पावसात कच्च्या रस्त्याला जाऊच नका, काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी घट्ट बसते की चाक फिरत नाही, मग बाभळीच्या काडीनं उकरत बसा. 17 सप्टेंबरला झेंडावंदनाला नळदुर्गला असावं अशी इच्छा असती, तेव्हा डांबरी सोडू नका. नाहीतर नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा ऊसाच्या ट्रॉल्या चालू असतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागून आला की सरळ खाली उतरा, मागची ट्रॉली डुलते. मार्चनंतर नको, ऊन लै वाईट. पाणी कायम तीन लिटर.

शेवगावकडून येताना गोदावरीचा पूल लागतो, अलीकडं मुंबई इलाखा होता आणि पल्याड पैठण निजामाचं. पुलावर गाड्या जोरात असतात, फोटो काढायचा असंल तर पूल ओलांडून मग थांबा. एकनाथांच्या समाधीला सायकल बाहेर कुलूप लावून ठेवा. तिथून संभाजीनगर 50-55 किलोमीटर, पाय राहिले असतील तर त्याच दिवशी, नाहीतर एसटीच्या टपावर.