पाचशेची नोट नीट बघायची कशी

बेळगावात गणपत गल्लीत कुंदा (आमच्याकडची खव्याची मिठाई) घ्यायला गेलो होतो, दुकानदाराने माझी पाचशेची नोट उजेडात धरली, दोनदा तिरकी केली आणि मगच गल्ल्यात टाकली, तेव्हा वाटलं आपण कधी नोट अशी बघतच नाही की.

तर आधी हिरवी तार बघा. नोट हलवली की तार निळी दिसायला पाहिजे, नाही झाली तर घेऊच नका. मग डाव्या-उजव्या कडेला अंगठा फिरवा, पाचशेला पाच तिरक्या उठावदार रेघा लागतात आणि शंभरच्या जांभळ्या नोटेला चार, म्हणजे डोळ्याने कमी दिसणाऱ्याला पण कळावं म्हणून. जुन्या मळक्या नोटेवर त्या घासून जातात, म्हणून एकट्या रेघांवर भरवसा नको. नंबरात मध्येच तारा दिसला तर घाबरू नका, छापताना खराब झालेल्या नोटेच्या बदल्यात छापलेली असते, खरीच असते ती.

आता मागं पलटा. डावीकडे पट्टीत 15 भाषा, इंग्रजी नावांच्या क्रमाने. चौथी कन्नड, "ऐनूरु रूपायिगळु", आणि आठवी मराठी, "पाचशे रुपये". आमच्या गावात मराठी-कन्नड पाट्यांवरून केवढा दंगा, इथं दोघी एकाच पट्टीत गपगुमान बसल्यात बघा. हिंदी तिथं शोधू नका, ती आणि इंग्रजी पट्टीच्या बाहेर मोठ्या अक्षरात आहेत.

आणि हो, एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही नसते, वित्त सचिवाची असते, कारण ती रिझर्व्ह बँक नाही, भारत सरकार काढतं.