पूर ओसरताना घर कसे आवरावे

चिपळूणमध्ये २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ हे दोन्ही पूर सोसलेल्या घरांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: वाशिष्ठीचे पाणी उंबरा ओलांडते तेव्हा फारसे काही हाती उरत नाही, पण ते उतरू लागले की पहिल्या काही तासांत बरेच वाचवता येते. दाभोळच्या खाडीत भरती असेल तर उतार मंदावतो, म्हणून ओहोटीची वेळ पाहूनच घराकडे निघावे.

मीटरजवळचा मुख्य स्विच कोरड्या जागेवरून बंद करता येत नसेल, तर वायरमन येईपर्यंत आत पाऊल टाकू नये. अडगळीत हात घालण्यापूर्वी काठी फिरवावी. फुरसे आणि घोणस अशाच जागी आसरा घेतात.

खरे काम गाळाचे. घोटाभर पाणी घरात असतानाच खराट्याने तळ सतत ढवळत राहावे, म्हणजे गाळ पाण्याबरोबरच दाराबाहेर जातो. पाणी पूर्ण उतरू दिले तर तो खाली बसतो, आणि एकदा का ऊन पडून वाळला, की फावड्यालाही दाद देत नाही. मात्र त्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि भिजलेले सामान यांची छायाचित्रे काढावीत, आणि पंचनामा होईपर्यंत काहीही फेकू नये, मग ती फुगलेली गादी का असेना. गाळ गटारात ढकलणे तर कटाक्षाने टाळावे, कारण पुढच्या सरीला तेच पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरते.

भिजलेली कागदपत्रे ओढून सुटी न करता सावलीत वाळवावीत.

विहीर लगेच उपसू नये. भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असताना झपाट्याने उपसा केल्यास कठडा आणि बांधकाम ढासळण्याचा धोका असतो. पाण्याची पातळी स्थिरावल्यावर ती सावकाश उपसावी, आणि नवे पाणी आल्यावर दर १,००० लिटरला निदान २.५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर या हिशेबाने द्रावण करून, चुना तळाशी बसल्यावर वरची निवळी विहिरीत सोडावी. पाणी तासाभराने वापरता येते, तरी पिण्याचे पाणी काही आठवडे उकळूनच घ्यावे.

पायाला जखम असेल तर गमबुटांशिवाय चिखलात उतरू नये, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेवाटे सहज शरीरात शिरतो. प्रतिबंधक गोळी आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्यांत कळा किंवा डोळ्यांत लाली दिसली, तर भिजल्यामुळे असेल असे म्हणून दुखणे अंगावर न काढता त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि आपण पुराच्या पाण्यात वावरलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगावे.