मायक्रोआरएनए आणि मेंदूतली संप्रेरके : या चुका टाळा

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण 22 न्यूक्लिओटाइडांचे इवलेसे रेणू. ते जनुकाचा निरोप नेणाऱ्या एमआरएनएला चिकटतात आणि त्यापासून प्रथिन बनू देत नाहीत. 1993 मध्ये यातला पहिला रेणू एका सूत्रकृमीत सापडला आणि त्यासाठी 2024 चे नोबेल अँब्रोस व रुवकुन यांना मिळाले. रेणू रोखणारा आहे, म्हणजे तो वाढला की संप्रेरक घटणार, असे नवा संशोधक धरून चालतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

जीएनआरएचचेच पाहा. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या मोजक्या चेतापेशी हे संप्रेरक बनवतात आणि प्रजननाची सारी साखळी त्यावर चालते. उंदराच्या या पेशींतून डायसर हे विकर काढून टाकले, की त्यांत मायक्रोआरएनए नीट तयार होत नाहीत. रोखणारेच नाहीत म्हटल्यावर जीएनआरएच वाढायला हवे; पण ते आटते आणि उंदीर वंध्य राहतात. कारण मिर-200 कुळातले मायक्रोआरएनए झेब1 या प्रथिनाला आवर घालतात आणि झेब1 जीएनआरएचच्या जनुकाला दाबून ठेवते. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतही तोच खेळ: मिर-200बी आणि मिर-429 नसलेल्या माद्यांमध्ये झेब1 वाढते, या ग्रंथीचे एलएच हे संप्रेरक कमी पडते, बीजांड सुटत नाही. म्हणून निष्कर्षाआधी साखळीतला प्रत्येक दुवा कागदावर मांडा आणि त्यापुढे अधिक की उणे ते लिहा. मधला दुवा तपासलेला नसेल, तर ती जागा कोरी सोडा.

दुसरी चूक नमुन्याची. उंदराच्या मेंदूत जीएनआरएच पेशी साधारण 800. अख्खा हायपोथॅलॅमस वाटून नमुना घेतला की त्यांचा आवाज इतर पेशींच्या गर्दीत बुडतो. चकाकणाऱ्या प्रथिनाने खूण केलेल्या पेशी वेगळ्या काढाव्या लागतात, आणि तिथे नवा सापळा असतो. पेशी थोड्या असल्या, की आरएनए वेगळे काढण्याच्या ट्रायझॉल पद्धतीत जीसी (ग्वानिन व सायटोसिन ही अक्षरे) कमी असलेले काही लहान आरएनए निसटतात. मिर-141 त्यातलाच, आणि तोही मिर-200 कुळातला! या निसटण्यामुळे एका प्रयोगशाळेला आपला प्रसिद्ध झालेला शोधनिबंध मागे घ्यावा लागला; कारणही तिनेच शोधून जाहीर केले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तुलनेच्या सर्व नमुन्यांत पेशींची संख्या सारखी ठेवा. लहान आरएनए टिकवणारे किट निवडा. आरएनए गाळण्याच्या साध्या स्तंभांतून 200 न्यूक्लिओटाइडांखालचे रेणू बहुतेक वाहून जातात.

मायक्रोआरएनए कोणत्या एमआरएनएला चिकटेल ते लक्ष्य संगणकाने दाखवले, एवढ्यावर थांबू नका. प्रकाश मोजून लक्ष्य किती दबले ते दाखवणाऱ्या ल्युसिफरेज चाचणीत बंधनाची जागा बदलून परिणाम नाहीसा होतो का, ते पाहा. त्यानंतर तोच रेणू खऱ्या पेशीत अडवून बघा. बाहेरून भरमसाट मात्रा दिल्यावर काहीही दबू शकते.

माद्यांचे नमुने घेताना ऋतुचक्राचा टप्पा आणि दिवसाची वेळ नोंदवा. एलएचची उसळी ठरावीक टप्प्यावरच येते. टप्पे मिसळलेल्या गटांतला फरक मायक्रोआरएनएचा की चक्राचा, हे नंतर कुठल्याही गणिताने सुटत नाही.