सायकलवर नाक गळतंय? या चुका टाळा

थंडीत पहाटे सायकल काढली की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत नाक वाहायला लागतं आणि घरी येऊन चहा होईपर्यंत आपोआप थांबतं. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: याला सर्दी समजणं. मग सर्दीची गोळी, सर्दीचा स्प्रे, सर्दीचा काढा, आणि नाक गळतंच.

आत काय होतं ते आधी पाहू. फुप्फुसात जाणारी हवा शरीराच्या तापमानाला आणून ओली करायचं काम नाकाचं. निवांत बसलेलो असताना मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा लागते, घाट चढताना तीच ऐंशी-शंभर लिटरवर जाते. थंड, कोरडी हवा एवढ्या जोरात आत आली की नाकातल्या नसा ग्रंथींना पाणी सोडायला लावतात. त्यात दोन गोष्टींची भर पडते. उच्छ्वासातली वाफ गार झालेल्या नाकपुडीत निवून तिचे थेंब होतात. आणि वाऱ्याने डोळ्यांत आलेलं पाणी अश्रुनलिकेतून थेट नाकात उतरतं.

म्हणून पहिली चूक, आणि सर्वात स्वस्तात सुटणारी: उघड्या डोळ्यांनी सायकल चालवणं. उतारावर नाक जास्त गळतं त्यात डोळ्यांचा वाटा मोठा असतो. कडेने वारा शिरणार नाही असा, गालाला लागून बसणारा गॉगल घ्या. पहाटेसाठी काच पारदर्शक हवी. काळ्या काचेचा गॉगल अंधारात काढून खिशात जातो आणि पुन्हा तेच.

औषधांचे घोटाळे

चोंदलेलं नाक मोकळं करणारे स्प्रे (ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन) सूज उतरवतात, गळती थांबवत नाहीत. सलग तीन-पाच दिवसांपेक्षा जास्त मारले की औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि मग स्प्रेशिवाय झोप लागत नाही. सेटिरिझिनसारख्या गोळ्या हिस्टामिनवर, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनावर, चालतात. थंड हवेची गळती चालते दुसऱ्याच मार्गाने, त्यामुळे गोळीने फरक पडतो तो मुख्यतः डोळ्यांवरच्या झापडीत. वाहत्या रस्त्यावर ती नको. मेन्थॉलच्या बामाने नाक मोकळं वाटतं, पण वाटतंच फक्त. घामाबरोबर तो डोळ्यात उतरला तर वेगळीच पंचाईत.

या गळतीवर खरोखर लागू पडणारं औषध म्हणजे इप्राट्रोपियमचा नाकात मारायचा ०.०३ टक्क्यांचा स्प्रे. तो ग्रंथींना मिळणारा निरोपच अडवतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो जपून वापरावा लागतो, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिला तरच घ्या. रविवारच्या राईडसाठी बहुतेकांना याची गरज नाही. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या काळात लघवीत ते मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सापडलं तर ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार डोपिंग ठरतं.

चालत्या सायकलवर शिंकरताना

कपडे खराब होणं ही त्यातल्या त्यात किरकोळ बाब. पडायला होतं ते इथे.

दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरू नका. दाब कानात जातो आणि शेंबूड सायनसमध्ये ढकलला जातो. एका वेळी एकच बाजू. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, म्हणून शिंकरायचं डावीकडे. डावा हात हँडलवर ठेवा आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने उजवी नाकपुडी पूर्ण बंद करा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवीकडे पुढचा आणि डावीकडे मागचा ब्रेक असतो, म्हणजे या स्थितीत बोटांखाली मागचा ब्रेक राहतो. एका हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबला गेला तर हँडल वळतं. तुमच्या सायकलचे ब्रेक उलटे असतील तर हे आधी तपासून घ्या.

मग तोंडाने श्वास घ्या, ओठ मिटा, हनुवटी डाव्या खांद्याकडे आणि थोडी खाली न्या, आणि एकच सणसणीत फुंकर मारा. अर्धवट फुंकर म्हणजे गालापासून जर्सीपर्यंत तार. वारा डावीकडून असेल तर सगळं परत तोंडावर येतं. चढावर ताशी सात-आठ किलोमीटरने चाललेले असाल तर ते स्वतःच्याच गुडघ्यावर पडतं. तिथे मान आणखी बाहेर काढावी लागते.

मान डावीकडे वळली की सायकलही डावीकडे ओढली जाते. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत दोन-तीन इंचांची पायरी असलेले रस्ते आपल्याकडे कमी नाहीत, आणि पुढचं चाक त्या पायरीवरून उतरलं की सावरणं अवघड. म्हणून शिंकरण्याआधी कडेपासून हातभर आत या. उतारावर, खड्ड्यांत, वळणावर हात सोडायचाच नाही. गळू द्या, सिंहगडाच्या उतारावर तुमचं नाक कोणी बघत नाही. उजवी नाकपुडी गाड्यांच्या दिशेने साफ करण्यापेक्षा ग्लोव्हला पुसा किंवा थांबा.

ग्रुपमध्ये असाल तर आधी सगळ्यात मागे जा, मागे वळून पाहा, मग काय ते करा. हे न पाळणाऱ्याच्या मागे चालायला कोणी तयार नसतं, आणि त्यात चूक काही नाही.

नाक सोलवटणं

बीआरएमच्या (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) रात्रभराच्या टप्प्यांत गळतीपेक्षा पुसण्याचाच त्रास जास्त होतो. चांगल्या ग्लोव्हजच्या अंगठ्यावर टॉवेलसारखं मऊ कापड लावलेलं असतं ते नाक आणि घाम पुसायलाच. विकत घेताना ते बघा. वेल्क्रोची बाजू किंवा सिंथेटिक बाही नाकावर घासू नका. डावा अंगठा नाकाला, उजवा डोळ्यांवरच्या घामाला, अशी वाटणी ठरवून टाका म्हणजे नाकातलं डोळ्यात जात नाही. प्रत्येक राईडनंतर ग्लोव्हज धुवा. वाळलेला घाम आणि शेंबूड दुसऱ्या दिवशी सँडपेपरचं काम करतो.

टिश्यू पेपर घामाने खिशातच लगदा होतो. त्याऐवजी जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे वीतभर चौकोन कापून दोन-तीन ठेवा, वापरलेले छोट्या पिशवीत टाका. खाऊच्या खिशात मात्र नको. निघण्याआधी मुगाच्या दाण्याएवढं व्हॅसलीन नाकपुडीच्या कडेला आणि वरच्या ओठावर लावा. नाकाच्या आत खोल लावू नका; रोजच्या सवयीने तेलकट अंश फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो.

नाकावर बफ (गळ्यात घालायचं नळीसारखं कापड) ओढून घेतला तर उच्छ्वासाची ऊब आणि ओल आत राहते, गळती खरोखर कमी होते. चूक होते ती ओला बफ तसाच ठेवण्यात. चढावर खाली, उतारावर वर, आणि चिंब झाला की दुसरा.

जलनेतीची वेळ आणि पाणी

जलनेती चांगली, पण निघायच्या पाच मिनिटं आधी नको. सायकलवर वाकलं की आत अडकलेलं पाणी किलोमीटरभर ठिबकत राहतं. तासभर आधी करा आणि नंतर पुढे वाकून, मान फिरवत, हलक्या उच्छ्वासाने पाणी निथळू द्या. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याला किंचित कमी. पाणी नळाचं तसंच घेऊ नका. खळखळून किमान एक मिनिट उकळून कोमट होऊ द्या. अशुद्ध पाण्यातला नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. हा आजार विरळा, पण बहुतेक वेळा जीवघेणा.

पाणी कमी प्यायल्याने नाक गळायचं थांबत नाही, हेही जाता जाता. आणि राईडनंतर मिसळीच्या तर्रीने नाक वाहायला लागलं तर तेही आजारपण नव्हे; तिखटाने त्याच नसा चाळवतात.

कधी वेगळं समजायचं

थंड हवेची गळती पाण्यासारखी असते आणि घरात आल्यावर थोड्याच वेळात थांबते. लागोपाठ शिंका, टाळू आणि डोळ्यांना खाज, दिवसभर टिकणारा त्रास ही ॲलर्जीची लक्षणं. पुणे परिसरात यामागे रस्त्याकडेचं गाजर गवत असू शकतं. अशांना सेटिरिझिनसारख्या गोळ्यांचा उपयोग होतो, त्याही डॉक्टरांना विचारून. सोबत छातीत घरघर किंवा राईडनंतर खोकल्याची उबळ असेल तर दम्याची तपासणी करा.

आणि पडल्यावर, डोक्याला मार लागल्यावर, एकाच नाकपुडीतून पाणी येऊ लागलं तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. पुढे वाकल्यावर धार वाढते, चव खारट लागते, आणि रुमालावर वाळलं तर शेंबडासारखं कडक होत नाही. अशा वेळी नाक अजिबात शिंकरू नका, बोळा कोंबू नका, आणि सायकल तिथेच ठेवून थेट हॉस्पिटल गाठा.